विश्लेषण : अलमट्टीची उंची वाढली तर कोणाला पाणी, कोणाला पूर? साडेचार मीटरच्या वादाचे गणित

पावसाळ्यात सांगलीकर रोज दोन आकडे विचारतात. एक आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा, तो फुटांत. दुसरा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पातळीचा, तो मीटरमध्ये. पहिला ४० वर गेला की नदीकाठच्या वस्त्यांत सामान माळ्यावर चढते, ४५ ला धोक्याची पातळी येते. दुसरा आकडा ५१९.६ च्या जवळ गेला की ‘अलमट्टीने पाणी अडवले’ अशी पोस्ट प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागते.

हा दुसरा आकडा ५२४.२५६ पर्यंत नेण्याची कर्नाटकची योजना आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने त्यासाठी लागणाऱ्या जमिनीचा मोबदला ठरवला आणि कागदावरचा वाद पुन्हा रस्त्यावरचा झाला. त्याआधी मे २०२५ मध्ये सांगली-कोल्हापूर मार्गावर अंकली पुलाजवळ चक्का जाम झाला होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना पत्र लिहून विरोध कळवला होता. तेलंगणानेही विरोध नोंदवला. तिकडे विजयपुरा, बागलकोट, यादगीर, रायचूरमधला कोरडवाहू शेतकरी विचारतो आहे की, लवादाने पाणी दिले २०१० मध्ये, ते शेतात कधी येणार?

नेमके काय वाढणार आहे?

अलमट्टी हे कृष्णेवरचे धरण, अप्पर कृष्णा प्रकल्पाचा मुख्य साठा. अधिकृत नाव लालबहादूर शास्त्री सागर. धरण २००५ मध्ये पूर्ण झाले. त्याला २६ दरवाजे आहेत आणि सध्या पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६ मीटर आहे. या पातळीला धरणात सुमारे १२३ टीएमसी पाणी मावते. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी.) तुलनेसाठी, कोयना १०५ टीएमसीचे आहे.

पातळी ५२४.२५६ मीटर झाली की वाढ होते ४.६५६ मीटर, म्हणजे जेमतेम पंधरा फूट. साठा मात्र सुमारे १०० टीएमसीने वाढतो. इतक्या कमी उंचीत इतके पाणी कसे, याचे उत्तर भूगोलात आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या अरुंद, खोल दरीत उभे राहते. अलमट्टीचे पाणी सपाट पठारावर पसरते. ताटात आणि तांब्यात सारखेच पाणी ओतून पाहिले की फरक कळतो. ताटात प्रत्येक बोटभर उंचीला पाणी भरपूर मावते, पण ते फार दूरवर पसरते. अलमट्टीचे फायदे आणि तोटे दोन्ही याच एका गोष्टीतून निघतात.

यासाठी नवे धरण बांधायचे नाही. दरवाज्यांची उंची वाढवायची आहे. पोलाद-काँक्रीटचा हा खर्च एकूण प्रकल्पात किरकोळ म्हणावा असा. खरा खर्च आहे पाणी ज्या जमिनीवर चढणार त्या जमिनीचा, तिथून उठणाऱ्या माणसांचा आणि पाणी पुढे नेणाऱ्या कालव्यांचा.

कर्नाटकला हे पाणी का हवे?

अप्पर कृष्णा प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी कृष्णा पाणीतंटा लवाद-२ ने १३० टीएमसी पाणी मंजूर केले. त्यावर ५.९४ लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणायची आहे. लाभार्थी जिल्हे सात : विजयपुरा, बागलकोट, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ आणि गदग. मुळवाड, चिम्मलगी, कोप्पळ अशा उपसा सिंचन योजनांतून हे पाणी उचलले जाईल. ज्यांनी सोलापूर-विजयपुरा रस्त्याने मे महिन्यात प्रवास केला आहे, त्यांना हा भाग वेगळा समजावून सांगायला नको. जत-मंगळवेढ्याचे दुखणे सीमेपलीकडेही तसेच आहे. म्हैसाळच्या पाण्यासाठी जतकरांनी किती वर्षे वाट पाहिली, हे आठवले की इंडी-सिंदगीच्या शेतकऱ्याची घाई समजते.

पण १३० टीएमसी म्हणजे हेक्टरी किती? सरळ भागाकार केला तर ५.९४ लाख हेक्टरवर ६२ सेंटीमीटर उंचीचे पाणी. कालव्यातली गळती आणि बाष्पीभवन त्यातूनच जायचे. एवढ्या पाण्यात ज्वारी, तूर, हरभरा, सूर्यफूल, मका ही पिके चांगली येतात. ऊस येत नाही, कारण उसाला वर्षभरात दीड-दोन मीटर पाणी लागते. म्हणजे प्रकल्पाचा हिशेब ऊस लागला नाही तरच जमतो. कालव्याच्या सुरुवातीला ऊस आणि शेपटाला कोरडी चारी, हे चित्र महाराष्ट्राने कृष्णा खोऱ्यात भरपूर पाहिले आहे. तिकडे ते होणार नाही, याची हमी कोणी दिलेली नाही.

विजेचा फायदाही आहे. धरणाच्या पायथ्याशी २९० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे, पाण्याची उंची वाढली तर तिथली निर्मिती वाढेल. पण कोणी त्यासाठी हा प्रकल्प करत नाही.

पाणी दरवर्षी मिळणार का?

या मुद्द्यावर चर्चा कमी होते, खरे तर ती सर्वांत आधी व्हायला हवी.

बच्छावत लवादाने (१९७३ चा निर्णय, १९७६ चा अंतिम अहवाल) कृष्णेचे पाणी ‘७५ टक्के विश्वासार्हते’वर वाटले होते. म्हणजे शंभरपैकी ७५ वर्षे तरी नदीत इतके पाणी येईलच असे धरून. तेव्हा महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी मिळाले. दुसरा लवाद, न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांचा, ३० डिसेंबर २०१० रोजी निर्णय देताना पुढे गेला. त्याने ६५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी आणि त्याहीवर सरासरी वर्षाचे पाणीही वाटून टाकले. २०१३ च्या पुढील अहवालानंतर महाराष्ट्र ६६६, कर्नाटक ९०७ आणि आंध्र १,००५ टीएमसी असे आकडे आले.

बेरीज २,५७८ टीएमसी होते. ती लवादाने धरलेली नदीची सरासरीच आहे. सरासरी या शब्दाचा अर्थ उघड आहे : काही वर्षे याहून जास्त, काही वर्षे कमी. तिसऱ्या टप्प्याचे पाणी या वरच्या थरातले आहे. दुष्काळी वर्षी ते नदीत नसेल, आणि दुष्काळी वर्षीच त्याची सर्वाधिक गरज असेल. मोठे धरण यावर काही अंशी उतारा ठरू शकते, कारण चांगल्या वर्षाचे पाणी पुढच्या वर्षासाठी राखता येते. मात्र त्यासाठी धरण भरल्यावर सगळे पाणी त्याच वर्षी न वापरण्याची शिस्त लागते. निवडणुकीच्या वर्षी ती शिस्त पाळणारे सरकार देशात कुठेही शोधावे लागेल.

किंमत किती आणि कोण देणार?

तिसऱ्या टप्प्याचा खर्च २०१४-१५ च्या दरांनी ५१,१४८ कोटी रुपये काढला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयावेळी ७० हजार कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला, तोही मुख्यतः भूसंपादन आणि पुनर्वसनाच्या संदर्भात. हाच आकडा ५.९४ लाख हेक्टरला लावला तर हेक्टरी पावणेबारा लाख रुपये पडतात. एकरी पावणेपाच लाख. इतक्या पैशांत शेतकऱ्याला पाणी देण्याचे दुसरे मार्ग आहेत का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

लागणारी एकूण जमीन सुमारे १ लाख ३३ हजार एकर. त्यातली ७५,५६३ एकर बुडीत क्षेत्रात जाईल, बाकीची मुख्यतः कालव्यांसाठी आणि थोडी पुनर्वसनासाठी. बुडणाऱ्या बागायत जमिनीला एकरी ४० लाख आणि जिरायतीला ३० लाख रुपये असा दर ठरला आहे. सगळी जमीन जिरायत धरली तरी बुडीत क्षेत्राचे २२ हजार ६०० कोटी होतात, सगळी बागायत धरली तर ३० हजार कोटींवर जातात. घरे, दुकाने, शाळा, देवळे वेगळी.

बुडणार आहेत २० गावे आणि बागलकोट शहराचे काही प्रभाग. बागलकोटसाठी हा पहिला अनुभव नाही. अलमट्टीचा आजचा जलाशय भरला तेव्हाच जुन्या शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि माळावर ‘नवनगर’ वसवावे लागले. अप्पर कृष्णा प्रकल्पात आधीच दीडशेहून अधिक गावे विस्थापित झाली आहेत. त्यातल्या काहींच्या पुढच्या पिढीला आता दुसऱ्यांदा नोटीस येईल. कोयनेच्या धरणग्रस्तांचे प्रश्न साठ वर्षांनंतरही मंत्रालयात फिरतात, तेव्हा एकरी ४० लाखांचा आकडा मोठा वाटला तरी तो खात्यात कधी जमा होतो यावर सगळे अवलंबून आहे. दर जाहीर झाल्यापासून पैसे मिळेपर्यंत घर दुरुस्त करायचे का, मुलीचे लग्न याच अंगणात करायचे का, विहिरीला मोटर बसवायची का, हे सगळे अडून राहते. या थांबण्याची किंमत कोणत्याही प्रकल्प अहवालात धरलेली नसते.

आणखी एक किंमत हवेत जाते. बुडीत क्षेत्र ७५,५६३ एकर म्हणजे सुमारे ३०,६०० हेक्टर. एवढ्या पसरलेल्या पाण्यातून एक मीटर पाणी उडून गेले तर जवळपास ११ टीएमसी संपतात. जलाशय वर्षभर काठोकाठ नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान कमी असेल. तरीही वाढीव १०० टीएमसीतले सगळे पाणी शेतात जाईल असे धरून चालत नाही. ताटातले पाणी लवकर सुकते.

सांगली-कोल्हापूरला पुराचा धोका खरेच वाढेल?

महाराष्ट्राच्या दृष्टीने सगळा वाद इथे आहे, आणि दोन्ही बाजूंची सर्वांत सैल विधानेही इथेच सापडतात.

आधी इतिहास. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर या भागाने पाहिले. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे गेली. २०२१ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ५६ फुटांची पातळी ओलांडली, तिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. धरण पूर्ण झाले २००५ ला आणि पहिला मोठा पूर आला तोही २००५ ला. लोकांनी दोन घटना जोडल्या, यात आश्चर्य नाही.

२०१९ नंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. २०२० च्या अहवालात समितीने सांगितले की, पुराचे कारण अलमट्टी किंवा हिप्परगीचा फुगवटा नाही. थोड्या दिवसांत झालेली अतिवृष्टी, नदीपात्रातली अतिक्रमणे, पात्राचा संकोच ही कारणे तिने पुढे ठेवली. कर्नाटक आज हाच अहवाल दाखवते : तुमचीच समिती म्हणते, मग ओरड कशाला?

या युक्तिवादात एक मोठी फट आहे. समितीने पाहिला तो ५१९.६ मीटरचा जलाशय. प्रश्न ५२४.२५६ चा आहे. आज परिणाम नाही याचा अर्थ पंधरा फूट वाढवल्यावरही नसेल, असा निघत नाही. तसेच लवादाने उंचीला परवानगी दिली ती २०१० मध्ये. २०१९ आणि २०२१ चे पूर त्यानंतरचे आहेत.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगायला हवी. अलमट्टीचे पाणी ‘मागे येऊन’ सांगलीत शिरते, हे चित्र चुकीचे आहे. सांगली शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, अलमट्टीची वाढीव पातळीही ५२४ ची. पाणी चढावर जात नाही. अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, नदीच्या वळणांनी त्याहून बरेच जास्त.

मग भीती कशाची? फुगवट्याची. वाहते पाणी साठलेल्या पाण्याला मिळते तेव्हा त्याचा वेग कमी होतो. वेग कमी झाला की तेवढेच पाणी वाहून नेण्यासाठी नदीला जास्त उंची लागते. टोल नाक्यावर गाड्या थांबल्या की रांग मागे वाढत जाते, तसे. ही रांग किती मागे जाईल ते उतारावर ठरते. सह्याद्रीत फुगवटा थोडक्यात संपतो. पण सांगलीपासून अलमट्टीपर्यंत कृष्णा दर किलोमीटरला ढोबळमानाने दहा-पंधरा सेंटीमीटरच उतरते. इतक्या सपाट नदीत फुगवटा लांबवर जातो, फक्त वर जाताना तो क्षीण होत जातो. नृसिंहवाडीपर्यंत तो किती उरतो, फूट, इंच की शून्य, हे मोजायचे आहे.

मध्ये हिप्परगी आहे. जमखंडी तालुक्यातल्या या बंधाऱ्याची पूर्ण पातळी जवळपास ५२५ मीटर. आज पावसाळ्यात हिप्परगीचे सगळे दरवाजे उघडले की पाण्याला पुढे अलमट्टीच्या ५१९ पर्यंत मोकळा उतार मिळतो. अलमट्टी ५२४ ला उभे राहिले तर हिप्परगीच्या दोन्ही बाजूंना पाणी जवळपास सारख्याच पातळीला येईल. मग दरवाजे उघडे असूनही उतार मिळणार नाही. महाराष्ट्राच्या बाजूचा सर्वांत ठोस तांत्रिक मुद्दा हा आहे, आणि आंदोलनाच्या भाषणांत तो क्वचितच ऐकू येतो.

या फुगवट्याचा पहिला फटका महाराष्ट्राला बसणारही नाही. हिप्परगी आणि राज्याची सीमा यांच्यामध्ये अथणी, रायबाग, चिक्कोडी हे तालुके आहेत. २०१९ मध्ये तेही बुडाले होते. बेळगाव जिल्ह्यातल्या या गावांतले मराठी आणि कन्नड शेतकरी एकाच छावणीत राहिले. त्यांचे म्हणणे या वादात कोणत्याच राज्याच्या पत्रात दिसत नाही.

गाळाचाही मुद्दा आहे. संथ झालेले पाणी गाळ टाकते, आणि तो धरणाच्या भिंतीजवळ कमी व जलाशयाच्या शेपटाला जास्त साठतो. वीस-तीस वर्षांत तिथले नदीपात्र उथळ होते, आणि फुगवटा तेवढा मागे सरकतो. आजच्या पात्राच्या मोजमापावर केलेला अभ्यास २०५० ला लागू पडेलच असे नाही.

मग उंची महत्त्वाची की तारीख?

थोडे आकडे. नदीतून एक लाख क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले तर ८.६४ टीएमसी होतात. २०१९ च्या पुरात अलमट्टीतून पाच लाख क्युसेकहून जास्त विसर्ग करावा लागला. या वेगाने दिवसाला ४३ टीएमसी जातात. म्हणजे १२३ टीएमसीचे अख्खे धरण तीन दिवसांत भरून वाहील इतके पाणी येत होते. अशा वेळी आधीच भरलेले धरण काही करू शकत नाही, आलेले पाणी पुढे सोडणे एवढेच त्याच्या हातात उरते. आधी रिकामे ठेवलेले धरण मात्र पूर झेलते आणि फुगवटाही घालवते.

त्यामुळे भिंत किती उंच आहे यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कोणत्या पातळीला ठेवले आहे, हे सांगलीसाठी जास्त महत्त्वाचे. ५२४ ची क्षमता असलेले धरण १५ ऑगस्टपर्यंत ५१७ ला ठेवले तर आजच्याहून धोका कमी. ५१९.६ चे धरण २५ जुलैलाच काठोकाठ भरले तर तो जास्त. सांगलीतल्या पूर नियंत्रण कृती समित्या काही वर्षांपासून पावसाळ्यातल्या पातळीचा आग्रह धरतात तो याचसाठी.

मात्र कर्नाटकची अडचणही इथेच आहे. कृष्णेचे बहुतेक पाणी जुलै आणि ऑगस्टमध्ये येते. त्या काळात धरण रिकामे ठेवले आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर वाढवलेले १०० टीएमसी भरणार कशाने? सत्तर हजार कोटी खर्चून धरण अर्धे ठेवा, असे कोणत्याही सरकारला सांगणे सोपे नाही. उलट, खर्च जितका जास्त तितका ते लवकर भरून घेण्याचा दबाव जास्त. दोन राज्यांत ‘पावसाळ्यात पातळी खाली ठेवू’ असा करार झाला तरी तो पाळण्याचा मोह दरवर्षी कमीच होत जाईल. खालच्या तेलंगणा आणि आंध्रची चिंताही याच्याशीच जोडलेली आहे. अलमट्टी जितके पाणी आधी धरून ठेवेल, तितके ते श्रीशैलम आणि नागार्जुनसागरला उशिरा पोहोचेल.

जून २०२१ मध्ये तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी बेंगळुरूला जाऊन तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांच्याशी पूर समन्वयावर चर्चा केली होती. पाऊस, आवक, विसर्ग यांची माहिती एकमेकांना तत्काळ द्यायची, हा त्यातला गाभा होता. दोन्ही बाजूंचे अभियंते आज फोनवर असतात, हे खरे आहे. पण ही व्यवस्था अधिकाऱ्यांच्या चांगुलपणावर चालते. अमुक तारखेला अमुक पातळी ओलांडली तर जबाबदार कोण, नुकसान झाले तर भरपाई कोण देणार, याचे बंधन कोणावर नाही.

महाराष्ट्राचे हात किती स्वच्छ?

इथे थोडा आरसाही पाहायला हवा. कोयनेची क्षमता मुळात ९८.७८ टीएमसी होती. दरवाज्यांची उंची वाढवून ती १०५.२५ टीएमसी केली गेली. वाढ छोटी होती, नवे बुडीत क्षेत्रही अलमट्टीच्या मानाने नगण्य. पण पद्धत तीच. शिवाय २०१९ मध्ये कोयना, वारणा, राधानगरी ही आपलीच धरणे भरत आली असताना अतिवृष्टी झाली आणि त्यांचे विसर्ग एकाच वेळी नदीत आले. पावसाळ्यात धरण रिकामे ठेवा, हा आग्रह अलमट्टीला धरायचा तर तो कोयनेलाही लागू होतो.

पूररेषेचेही तसेच. निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या, आणि त्यांच्या आत बांधकामेही चालू राहिली. सांगली आणि कोल्हापुरात नदीकाठी भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारती अलमट्टीने बांधलेल्या नाहीत. अलमट्टीकडे बोट दाखवणे स्थानिक पुढाऱ्यांना सोयीचे पडते, कारण कर्नाटकात त्यांचे मतदार नाहीत आणि पूररेषेत आहेत.

राज्य सरकार जागतिक बँकेच्या मदतीने कृष्णा-भीमा खोऱ्यातल्या पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची योजनाही आखत आहे. ती प्रत्यक्षात आली तर पुराच्या दिवसांत अलमट्टीची आवक काही प्रमाणात कमी होईल. म्हणजे ज्या पाण्यावर कर्नाटक धरण वाढवू पाहते, त्यातलेच थोडे पाणी महाराष्ट्र वर वळवू पाहतो. तेव्हा हरकतीचे पत्र बेंगळुरूहून मुंबईला येईल.

धरण न वाढवता पाणी मिळेल का?

काही प्रमाणात. पूर वाहत असतानाच पाणी उपसून लाभक्षेत्रातले तलाव भरणे हा एक मार्ग आहे. त्यासाठी मोठ्या क्षमतेचे पंप वर्षातले फारच थोडे दिवस चालतील आणि बाकी काळ पडून राहतील, त्यामुळे तो स्वस्त नाही. दुसरा मार्ग ठिबकचा. बागलकोट जिल्ह्यातच हुनगुंद तालुक्यात रामथळ येथे सुमारे २४ हजार हेक्टरवर सामूहिक ठिबकचा मोठा प्रकल्प उभारला गेला. तंत्र उत्तम होते, पण सगळ्या शेतकऱ्यांनी ते वापरात ठेवले नाही. नळ्या आणि गाळणी यंत्रे बसवून सरकार निघून गेले की देखभाल कोण करणार, हा प्रश्न तिथे पुन्हा दिसला. तरीही धरण आज आहे तेवढेच ठेवून बचतीच्या पाण्यावर किती हेक्टर भिजेल आणि त्याला किती कोटी लागतील, हा पर्याय उंचीवाढीच्या शेजारी मांडून लोकांपुढे ठेवायला हवा होता. तसा तुलनात्मक हिशेब या वादात कुठल्याही बाजूने मांडला जाताना दिसत नाही.

आता गाडे कुठे अडले आहे?

कायद्यात. लवादाचा निर्णय केंद्र सरकारच्या राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावरच अमलात येतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०११ मध्ये या प्रसिद्धीला स्थगिती दिली. त्याआधी एप्रिल २००० मध्ये याच न्यायालयाने अलमट्टीची पातळी ५१९.६ मीटरवर मर्यादित केली होती. राजपत्र निघाल्याशिवाय दरवाजे वाढवता येणार नाहीत, म्हणून कर्नाटक केंद्राकडे त्याचा तगादा लावत आहे आणि त्यादरम्यान भूसंपादन पुढे नेत आहे.

महाराष्ट्रासाठी हा पेच दुहेरी आहे. याच निर्णयात महाराष्ट्राचा वाटा ६६६ टीएमसीवर गेला आहे. राजपत्र अडवले की अलमट्टी अडते, आणि आपले वाढीव पाणीही कागदावरच राहते. त्यामुळे राज्याची भूमिका ‘निर्णयच नको’ इतकी सरधोपट असू शकत नाही. उंचीचा मुद्दा वेगळा काढून लढावा लागेल, आणि त्याला पुरावा लागेल.

तो पुरावा रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे मागितला आहे. फडणवीस यांनी कर्नाटकला लिहिलेल्या पत्रातही या अभ्यासाचा उल्लेख होता. ५१९.६ आणि ५२४.२५६ या दोन्ही पातळ्यांना, २०१९ सारखा पूर आला तर राजापूर बंधारा, कुरुंदवाड, नृसिंहवाडी, अंकली आणि आयर्विन पूल इथे पाणी किती वाढेल, हे त्यातून कळायला हवे. शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला दोन मीटर आणि दोन इंच यांतला फरक चांगला माहीत आहे. दोन इंचांनी ऊस पिवळा पडत नाही, दोन मीटरनी घर जाते. अहवाल आल्यावर तो मराठीत, गावनिहाय नकाशांसह आणि गाळाचा पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा अंदाज धरून जाहीर करावा, अशी मागणी करण्यासाठी राजपत्राची वाट पाहावी लागत नाही.

तोवर रोजच्या दोन आकड्यांबरोबर तिसरा आकडाही पाहत राहावा लागेल : हिप्परगीचे किती दरवाजे उघडे आहेत.